मांबलमच्या राणीचं कुंकू मी पुसलं

थांबा. आई जेवायला हाका मारतेय, बॅग दारातच पडलीये, वेणीत मांबलमचा मोगरा सुकून काळा झालाय, पण हे माझ्या पोटात राहणार नाही, आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. मी चेन्नईला जाऊन आले. एकटी! आणि तिथे मी एका युरोपातल्या राणीचं कुंकू पुसलं.

नीट सांगते, पहिल्यापासून.

मी मुक्ता, कोल्हापूरची. दोन वर्षं झाली, जुनी चित्रं साफ करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका सरांकडे शिकतेय. चेन्नईहून काम आलं, वेस्ट मांबलममधल्या एका तंजावरी मराठी घरातलं, आणि नेमका त्याच आठवड्यात सरांचा पाय प्लास्टरमध्ये. सर म्हणाले, "तू जा. नीट झालं तर पुढची कामं तुझी तू घ्यायची. बिघडवलंस तर अजून दोन वर्षं माझे ब्रश धू." मी "हो सर" म्हणाले. आवाज आला मांजराच्या पिल्लासारखा.

सोमवार : चुकीच्या बाजूला

मुक्काम एग्मोरला, स्टेशनसमोरच्या एका लॉजवर. सकाळी लोकल पकडली, चौथं स्टेशन मांबलम, इतकं सोपं. पण मी उतरून चुकीच्या बाजूला बाहेर पडले! वेस्ट मांबलम पश्चिमेला, मी पूर्वेला, टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत. खांद्यावर हत्यारांची पेटी, सगळीकडून माणसं, आणि दुकानाच्या दारात उभा एक माणूस मला तमिळमधून साडी विकतोय. मी मान हलवून "नो, नो" म्हणतेय, तर तो जास्तच खूश होऊन अजून साड्या काढतोय. पुन्हा पूल चढून पलीकडे गेले तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता आणि घामानं मी विरघळले होते.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे आपली रांगोळीच, पण एकच रेघ फिरत फिरत स्वतःलाच येऊन मिळते. दार उघडलं ते सरोजा काकींनी. सत्तरीच्या आसपास, उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, कपाळ मोकळं.

"कोल्हापूरची पोर तू? भितर ये गे. इतका उशीर?"

"चुकून टी. नगरला गेले, काकी."

"साडी घेतलीस?"

"नाही."

"मग कशाला गेलीस?"

मी हसायला लागले तर त्या अजिबात हसल्या नाहीत. वाटीसारख्या डवऱ्यात ठेवलेला कॉफीचा पेला पुढे आला. मी पेला ओठाला लावला तशा त्या दचकल्या. "ओठ नाही लावायचे. वरून." मी वरून ओतली. निम्मी कुर्त्यावर. तेव्हा मात्र त्या हसल्या.

काकींचं मराठी ऐकून मला दर दोन मिनिटांनी मोबाइलमध्ये लिहून घ्यावंसं वाटत होतं. मी करत्यें, मी सांगत्यें. 'सगळं' नाही, 'असकं'. त्यात अधूनमधून तमिळ, आणि सूर तर पूर्ण तमिळ. जुन्या पोथीला चेन्नईची चाल लावल्यासारखं. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात पाय न ठेवता या बाईंकडे मराठी शिल्लक आहे, आणि आम्ही कॉलेजात एकमेकींशी काय बोलतो ते इथे लिहीत नाही.

मग त्यांनी हॉलमधल्या भिंतीकडे बोट केलं. "ती. राणीअम्मा."

अरे देवा.

फ्रिजच्या शेजारी, हातभर उंचीच्या खोल लाकडी चौकटीत, युरोपातल्या जुन्या दरबारातली एक राणी! रोकोको म्हणतात त्या थाटाची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते : पांढरी पावडर लावलेले केस, वीतभर उंच रचलेले, वर पिसं. निळसर राखाडी रेशमी झगा, बाहीला लेस, लेसला रिबिनी, रिबिनीला पुन्हा गाठी. हातात गुलाब. गालांवर लाली आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी खाऊ आणलाय पण आपण राणी आहोत म्हणून विचारता येत नाही. जिकडे तिकडे नटवणं, मोकळी जागा म्हणून ठेवायचीच नाही, असा तो सगळा प्रकार. आपल्या लग्नातल्या नवरीसारखाच.

पण हिच्या गळ्यातला हार! तो रंगवलेला नव्हता, उठावाचा होता. तंजावरच्या देवांच्या चित्रांत करतात तसा, खडूच्या लगद्यानं उचलून वर सोन्याचा वर्ख आणि बारीक खडे. म्हणजे कुणीतरी तंजावरच्या चित्रकारानं एखाद्या विलायती चित्रावरून ही नक्कल केली असणार, आणि हारापाशी आल्यावर त्याला राहवलं नसणार. राणी आहे आणि नुसता रंगाचा हार? छे! मला त्या माणसाला कडकडून मिठी मारावीशी वाटली.

"कुठली राणी आहे ही?" मी विचारलं.

"कुठली का असेना. राणी ती राणी."

घरात एवढंच माहीत की काकींच्या सासऱ्यांच्या आजोबांनी तंजावर सोडताना ती बरोबर आणली. धुरानं आणि वर्षांनी चेहरा चहासारखा तपकिरी झालेला. आणि कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, जाड लाल कुंकू.

काकी म्हणाल्या, "असकं साफ कर."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, फार नीट ठेवलं होतं.

मंगळवार, बुधवार : थुंकी आणि पिठलं

चित्र चौकटीतून काढून बाल्कनीजवळच्या टेबलावर आडवं ठेवलं. काकी समोर बसून कीरै निवडत होत्या, म्हणजे पालेभाजी. मी कापसाचा बारीक बोळा काडीला गुंडाळला, जिभेवर फिरवला आणि राणीच्या बाहीवर हलक्या हातानं गोल गोल फिरवायला लागले.

"अय्यो!" कीरैची जुडी खाली पडली. "एच्चल! उष्टं लावत्येस तिला?"

आता सांगते, यात माझी चूक नाही! जुनी चित्रं साफ करायला थुंकी खरोखर वापरतात, जगभर. पाण्यापेक्षा मळ चांगला निघतो आणि रंगाला धक्का लागत नाही. हे मी काकींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

"चूळ भर. मग कर."

प्रत्येक दहा बोळ्यांना एक चूळ, असा आमचा तह झाला. माझ्या आयुष्यात माझं तोंड इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

दुपारी पिठलं! मी ओरडलेच. पातळसर, वर कढीपत्ता आणि खोबरं, पण पिठलंच. आणि उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर, आजोळी खायचे अगदी तसं. मी तिसऱ्यांदा भात घेतला तशा काकी सुनेला म्हणाल्या, "हिला तिकडे कुणी घालत नाहीत वाटतं." वसंतीवहिनी, म्हणजे त्यांची सून, त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होत्या. कानातला हेडफोन काढून म्हणाल्या, "अम्मा, मला तर दुसऱ्यांदापण विचारत नाही तुम्ही."

"तू डाएट करत्येस ना? कर."

संध्याकाळी काकी मला मोगरा घ्यायला घेऊन गेल्या. तिथे गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळम. फुलवालीचा हात छोटा. काकींनी स्वतःचा हात पुढे केला, तो तर त्याहून छोटा. फुलवाली खदाखदा हसली आणि म्हणाली (हे काकींनीच मला नंतर मराठीत सांगितलं), "अम्मा, तुमच्या हातानं मोजू?" काकींनी माझा हात धरून पुढे केला. "हिच्या हातानं मोज!" माझ्या लांबलचक हातामुळे त्या दिवशी आम्हाला चार बोटं मोगरा जास्त मिळाला. तो माझ्या वेणीत. त्यांनी स्वतः घेतला नाही. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "नको गे. ते होते तेव्हा असकं घातलं."

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आजकाल सगळ्या टिकली लावतात, अम्मा, लावा की, असं मी कितीदा सांगितलं. ऐकत नाहीत." मी विषय तिथेच सोडला. मला काय कळणार होतं.

गुरुवार : ते

गुरुवारी काकी देवळात गेल्या होत्या. वहिनी ऑफिसला, त्यांचा नवरा रमेशदादा बँकेत. घरात मी आणि राणी.

चेहऱ्यावर आले. दोन दिवस मी चेहऱ्याला घाबरूनच लांब राहिले होते. मळ निघेल, पण खाली पिवळं पडलेलं व्हार्निश, ते किती काढायचं? थोडं काढलं तर मळकट राहणार, जास्त काढलं तर गालांची लाली त्याच्याबरोबर जाणार. मूळ रंग काय होता हे सांगायला कोण आहे?

मग ते कुंकू. सरांचा नियम डोक्यात पक्का : चित्रकारानं लावलेलं ठेवायचं, नंतर चढलेलं काढायचं. आणि काकी म्हणाल्या होत्या, असकं साफ कर. मी एका क्षणासाठीही थांबले नाही. हेच तर वाईट आहे! कुंकवाखाली मेण होतं, जाड, थरावर थर. आपल्याकडे पूर्वी बायका आधी मेण मग कुंकू लावायच्या तसं. मऊ करून, उचलून, पुसून, पंधरा मिनिटांत सगळं साफ.

आणि खाली!

तपकिरी कपाळाच्या मधोमध एक गोल, आठ आण्याच्या नाण्याएवढा, दुधात गुलाबाची पाकळी पडावी तसा. कोरा. काल रंगवल्यासारखा. ना धूर, ना ऊन, मेणानं आत काही जाऊच दिलं नव्हतं. मी नाचले. खरंच नाचले, टेबलाभोवती. फोटो काढून सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन. "मुक्ता, हे बक्षीस आहे. मूळ रंग कोणता ते तुला कुणीतरी जपून ठेवून दिलंय. बाकीचा चेहरा त्या गोलापर्यंत आणायचा. त्याच्या पुढे एक बोळाही नाही." मग म्हणाले, "आणि आता त्यावर कुणालाही काही लावू देऊ नकोस. कुंकू रंगात उतरतं, एकदा उतरलं की परत निघत नाही."

"हो सर!"

मागे किल्ली फिरली. काकी आल्या, हातात देवळातला प्रसाद. मी हसत हसत बाजूला झाले, बघा बघा म्हणत.

त्यांनी बघितलं.

"पुसलीस?"

फक्त एवढंच. खुर्ची ओढून बसल्या. प्रसादाचा द्रोण मांडीवर तसाच. मी काहीतरी बडबडले, मेण, रंग, सर.

मग त्या बोलल्या, माझ्याशी की राणीशी ते कळलं नाही. या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं पहिल्या शुक्रवारी त्यांचं बोट धरून राणीच्या कपाळाला लावलं होतं. बाकी देवांची पूजा पुरुष करत, राणी मात्र घरातल्या बायकांची. दर शुक्रवारी न्हाऊन आधी तिला, मग त्याच बोटानं स्वतःला. एकही शुक्रवार चुकला नव्हता. बाळंतपणात नाही, यजमान दवाखान्यात होते तेव्हा नाही.

"ते गेल्यावर?" मी विचारलं. का विचारलं!

"तिला लावत्यें," काकी म्हणाल्या. "बोट पदराला पुसत्यें."

मग उठून त्यांनी मला दहीभात वाढला. लोणचंसुद्धा वाढलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि उद्या शुक्रवार.

जेवण झाल्यावर मी त्यांना हाताला धरून टेबलाशी नेलं. मोबाइलचा टॉर्च लावला. "काकी, बघा ना एकदा. हा रंग मी नाही काढला. हा तुमच्या सासूबाईंच्या बोटाखाली होता. त्यांच्या सासूबाईंच्या. तुमच्या. आख्ख्या चेहऱ्यात तेवढाच वाचलाय. मला चेहरा कसा करायचा तेच कळत नव्हतं, आता कळलं."

त्या वाकून बघत राहिल्या. बोट पुढे आलं, गोलाच्या जवळ, आणि हवेतच थांबलं.

"इतकी गोरी होती?"

"हो."

"बाई गं," काकी म्हणाल्या. "आम्ही तिला सावळी समजत होतो."

मला इतकं हसू आलं की रडूच आलं.

संध्याकाळी घरात परिषद भरली. मी सरांचं म्हणणं सांगितलं, मान खाली घालून : तिच्यावर आता काही लावायचं नाही, आणि जपायला पुढे काच बसवायची. रमेशदादा म्हणाले, "टिकली चिकटवू या, अम्मा." काकींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते कॉफी प्यायला आत गेले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मुक्ता काच बसवणारच आहे ना? देवाच्या फोटोंना आपण काचेवरच लावतो की."

"ती फोटो नाही."

"नाही अम्मा. पण ती आता म्हातारी झालीये. बोट सोसायचं नाही तिला."

काकींनी टेबलावरच्या राणीकडे एकदा बघितलं. "सरी, बरं. काच कुठली ते मी बघत्यें."

शुक्रवार : साधी काच

चेहरा मी पहिल्या लोकलनं येऊन, पहाटेपासून बसून गोलापर्यंत आणला. गाल! तुम्हाला सांगते, ते गाल उजळले तेव्हा मी मनात त्या घरातल्या सगळ्या बायकांचे, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, त्यांचे आभार मानत होते. त्यांनी दाखवलं नसतं तर मी घाबरून तिला मळकट ठेवली असती, नाहीतर धीर करून पार बिघडवली असती.

मग काकी आणि मी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे. हार उठावाचा, म्हणून काच चित्राच्या दोन बोटं पुढे बसवायची होती. फ्रेमवाल्यानं दोन काचा दाखवल्या. एक साधी, एक न चमकणारी, महाग. मी दुसरी म्हणाले. काकी म्हणाल्या साधी.

"काकी, साधीत बघणाऱ्याची तोंडं दिसतात."

"दिसू देत."

"खर्चाचं म्हणत असाल तर..."

"साधी," काकी म्हणाल्या. फ्रेमवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. अशा पुष्कळ आयांना ओळखून असलेली मान.

घरी आल्यावर दुसरं खूळ. खिळा खाली घ्यायचा. रमेशदादा जेवायला घरी आले होते, ते स्टुलावर. "अम्मा, चांगली उंच आहे की! खाली घेतली तर पाहुण्यांना वाकावं लागेल."

"पाहुणे शुक्रवारी कुंकू लावतात का? खाली घे." काकी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या डोक्याशी बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तोंड आलं पाहिजे तिचं."

मला फुलवालीकडचं हाताचं माप आठवलं.

राणी लागली. नवीन उजेडात, स्वच्छ, आणि चेहऱ्यावर तेच, खाऊ आणलाय पण विचारता येत नाही. काकी न्हाऊन आल्या. समोर उभ्या राहिल्या, काचेकडे बराच वेळ बघत. मेणाची डबी, कुंकवाची डबी. बोट पुढे केलं आणि काचेवर टेकवलं.

मी मागून बघत होते. माझा चेहराच पडला. कुंकू कपाळावर नव्हतं. नाकावर होतं! राणीच्या नाजूक विलायती नाकाच्या मधोमध लाल गोल.

"काकी," मी हळूच म्हणाले, "जरा वर हवं होतं. नाकावर आलंय."

"बरोबर आहे."

"नाही हो, खरंच नाकावर..."

"तू उंच आहेस गे," काकी म्हणाल्या. "तुझ्या जागेवरून नको बघू. इथे ये. माझ्याएवढी हो."

त्या बाजूला झाल्या. मी त्यांच्या जागेवर गेले आणि गुडघे वाकवून खाली झाले, अजून थोडी, अजून थोडी, त्यांच्याएवढी. कुंकू नाकावरून सरकत वर गेलं आणि बरोबर दोन भुवयांच्या मधोमध जाऊन बसलं. काच पुढे, चित्र मागे, म्हणून. त्या उंचीवरूनच ते जुळत होतं, दुसऱ्या कुठल्याच नाही.

आणि बाल्कनीचा उजेड माझ्या तोंडावर होता, काच साधी होती, त्यामुळे राणीच्या चेहऱ्यावर मला अजून एक चेहरा दिसला. माझा. आणि कुंकू माझ्या कपाळावर.

मी तशीच वाकून उभी राहिले. आत्ता इथे काकी उभ्या होत्या, आणि काचेत इतका वेळ कुणाचं कपाळ बघत होत्या, ते मला कळलं. मी मान वळवून मागे बघितलं. काकी बोट पदराला पुसत होत्या.

"आलं कपाळावर?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

"मग हलू नको इतक्यात. बघ नीट." आणि त्या कॉफी ठेवायला आत गेल्या.

निघताना त्यांनी मेणाच्या त्या जुन्या खपल्या कागदात बांधून मला दिल्या. माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत, कुंकवाचा वास अजून येतो. सरांनी फोटोंत काम बघितलं, म्हणाले, "ब्रश आता दुसऱ्या कुणाला तरी धुवायला लावतो." मला आनंद झालाच. पण खरं सांगू, मला सारखं ते वाकून उभं राहणंच आठवतंय.

आई आता दारात येऊन उभी आहे, ताट घेऊन. एकच विचारते आणि उठते : तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? एखादी गोष्ट चुकलीये, वेडीवाकडी आहे, असं वाटत होतं, आणि मग कुणीतरी तुम्हाला त्यांच्या जागेवर उभं केलं, त्यांच्याएवढं केलं, आणि ती बरोबर जागेवर बसली? कुणी केलं? लिहा ना, मी जेवून येऊन सगळं वाचते.